इलीझियम, बी विंग

रिक्षावाल्याला मी ‘इलीझियम’ म्हणालो, तर त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“अल्युमिनियम? कारखाना का?”

“नाही हो, बिल्डिंग. दोन उंच टॉवर आहेत, गेटवर पांढरे घोडे...”

“मग घोडेवाली सांगा की!”

घोडे फायबरचे आहेत. पुढचे पाय उचललेले, आणि एकाच्या कानाचा टवका उडालेला. त्या दोघांच्या मधोमध फाटक, फाटकाशी केबिन, केबिनमध्ये वॉचमन. परवापर्यंत या जागी ज्वारी होती. वॉचमनच्या रजिस्टरात भरायचं: कुणाकडे जायचंय, फ्लॅट नंबर, नाव, मोबाइल, कामाचं स्वरूप. शेवटच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून ‘मावशी’ एवढंच लिहिलं. मग मावसभावाच्या फोनवर ओटीपी गेला. मावसभाऊ ऑफिसात, मीटिंगमध्ये. मी उन्हात. मे महिन्यातली दुपार, आणि घोड्यांची सावली अगदीच बेताची. शेवटी वॉचमनला माझी दया आली आणि त्यानं वर इंटरकॉम लावला. मावशीचा आवाज केबिनबाहेरही ऐकू आला, “अहो, भाचा आहे तो माझा! सोडा त्याला!”

लिफ्टमध्ये आरशाशेजारी नोटीस होती. गच्चीवरच्या लाइटनिंग अरेस्टरची तांब्याची पट्टी चोरीला गेली आहे, नवीन पट्टीच्या खर्चाचा विषय रविवारच्या सभेत घेतला जाईल, सभासदांनी उपस्थित राहावे. खाली कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, ‘चहा असेल का?’

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आयुष्यभर वाड्यातल्या दोन खोल्यांत राहिली. वाडा पडला, काका गेले, आणि दीड वर्षापूर्वी ती मुलासुनेबरोबर इथं सतराव्या मजल्यावर आली. पाणी देता देता तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “ते पाटीवर काय लिहिलंय रे? सेक्रेटरीला विचारलं, तर म्हणाला इटालियन आहे.”

“ग्रीक आहे. स्वर्ग म्हण.”

“अगंबाई. म्हणजे मी जिवंतपणीच पोचले की!”

ती थट्टेत बोलली, पण मूळ गोष्टीच्या ती फार जवळ होती. ग्रीकांच्या सगळ्यात जुन्या कथेत या जागी मेलेली माणसं जातच नाहीत. तिथं जाणाऱ्याला मरण टळतं.

ग्रीक महाकवी होमरच्या काव्यांत हा शब्द एकदाच येतो, ‘एलीसिओन’ या रूपात, ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात. (मला ग्रीक येत नाही. भाषांतरं आणि कोश यांच्या आधारानं ही हौस चालते.) ट्रॉयचं युद्ध आटोपून निघालेला स्पार्टाचा राजा मेनेलाउस इजिप्तजवळच्या फारोस बेटावर अडकलाय. वारा पडलाय, वीस दिवस झालेत, शिधा संपत आलाय. घरची वाट ठाऊक आहे ती प्रोटिअस नावाच्या समुद्रातल्या म्हाताऱ्याला. हा म्हातारा म्हणजे सीलांचा गुराखी. रोज दुपारी पाण्यातून वर येतो, आपले सील मोजतो आणि त्यांच्यातच ताणून देतो. त्याचीच मुलगी फितूर होते. मेनेलाउसला आणि त्याच्या तीन सोबत्यांना ती नुकत्याच सोललेल्या सीलच्या कातड्यांखाली लपवते. त्या कातड्यांची घाण इतकी, की जीव जायचा. मग ती प्रत्येकाच्या नाकाखाली थोडं थोडं अमृत लावते. देवांचं अमृत बामासारखं वापरलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही. पुढं हे चौघं म्हाताऱ्याला गच्च धरतात. तो सिंह होतो, साप होतो, बिबट्या, रानडुक्कर, पाणी, उंच झाड. हे सोडत नाहीत. शेवटी दमतो आणि बोलायला लागतो.

घरची वाट सांगतो, भावाच्या खुनाची बातमी देतो आणि जाता जाता न विचारलेलंही सांगून टाकतो. मेनेलाउस, तुझ्या नशिबात मरण नाही. देव तुला पृथ्वीच्या कडेला, एलीसिओनच्या मैदानावर पाठवतील. पिंगट केसांचा ऱ्हाडामॅन्थस तिथं आहे. माणसाला जगणं इतकं सोपं दुसरीकडे कुठंच नाही. बर्फ नाही, वादळ नाही, पाऊस नाही, नुसता समुद्राकडून येणारा पश्चिमेचा गार वारा. आणि हे सगळं का? तर हेलन तुझी बायको आहे आणि तू देवांच्या राजाचा, झ्यूसचा जावई आहेस, म्हणून.

झालं. तप नाही, दान नाही, पराक्रमाचा उल्लेखसुद्धा नाही. बरं, आधीपासून तिथं असलेला ऱ्हाडामॅन्थस कोण, तर झ्यूसचा मुलगा. एक मुलगा, एक जावई.

“ही हेलन म्हणजे ती पळून गेलेली ना? जिच्यापायी सगळं युद्ध झालं?” मावशीनं विचारलं.

“तीच.”

“आणि तिच्याच जोरावर हा स्वर्गात!” मावशी हसायला लागली ती थांबेचना. “आमच्या ह्यांना सासरकडून एक घड्याळ मिळालं होतं. तेही मागं पडायचं.”

मला त्या रजिस्टरातला माझा रकाना आठवला. कामाचं स्वरूप: मावशी.

ज्यांना असा सासरा नव्हता त्यांचं काय व्हायचं, तेही ‘ओडिसी’तच आहे. अकराव्या सर्गात काव्याचा नायक ओडिसिअस याला मृतांच्या देशात अकिलीस भेटतो. ट्रॉयपुढचा सगळ्यात मोठा योद्धा, पण तोही इतरांसारखाच तिथं खितपत पडलाय. ओडिसिअस त्याची समजूत घालतो, तू इथंही राजासारखाच आहेस. अकिलीस म्हणतो, सांत्वन नको. मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन, फाटक्या माणसाच्या घरी सालगडी म्हणून राबणं मला परवडेल. पुढं पिंडार या ग्रीक कवीनं इ. स. पू. ४७६ मध्ये सिसिलीतल्या थेरॉन राजासाठी जी विजयगाथा रचली, तिच्यात याच अकिलीसला तिथून उचलून सुखी लोकांच्या बेटावर नेलंय. कसं? त्याची आई थेटिस हिनं झ्यूसची मनधरणी केली. जावयाचं झालं, मुलाचं झालं, आता आईचा वशिला. अर्थात पिंडार तिथंच थांबत नाही. या आणि त्या लोकात तीन-तीन जन्म अन्यायापासून मन दूर ठेवणाऱ्यालाही ती वाट मोकळी आहे, असं त्याच गाथेत म्हटलंय. नुसतं चांगलं वागून आत जाता येतं, हे या सगळ्यात मला पहिल्यांदा तिथं वाचायला मिळालं. अट मात्र पाहा. तीन-तीन जन्म!

मावशीचा आक्षेप वेगळाच होता. “पाऊस नाही? मग कसला मेला स्वर्ग?”

खरंच, हे आपल्या पचनी पडत नाही. पाऊस नसलेल्या जागेला आपल्याकडे दुष्काळ म्हणतात. आपल्या स्वर्गाचा राजाच मुळी पाऊस पाडतो. पण ग्रीसमधला पाऊस हिवाळ्यातला. थंडी, चिखल आणि खवळलेला समुद्र घेऊन येणारा. त्या दिवसांत गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि शेकोटीपाशी बसायचं. दर्यावर्दी लोकांच्या कवीनं स्वर्गातून आधी वादळ काढून टाकलं, यात नवल नाही. आणि गंमत अशी, की झ्यूस हाही पावसाचा आणि विजेचाच देव. जावयाला त्यानं आपल्याच खात्याच्या तडाख्यातून सूट दिली.

होमरच्याच आगेमागे होऊन गेलेला कवी हेसिअड हा शेतकरी. बापानं समुद्रापारचं गाव सोडून आस्क्रा नावाच्या खेड्यात बस्तान बसवलं. त्या खेड्याबद्दल हेसिअड लिहितो, हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात असह्य, चांगलं कधीच नाही. वर जमिनीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी भांडण, आणि निवाडा करणारे लाचखाऊ. भाऊबंदकी म्हणजे काय, हे त्याला मराठी माणसाइतकंच कळलं असतं. त्याचाही एक सुखी लोकांचा मुलूख आहे, समुद्राकाठची बेटं. तिथं काय मिळतं? जमीन वर्षातून तीनदा मधासारखं गोड पीक देते. बस्स, एवढंच. ती ओळ वाचताना मला त्याचे हात दिसतात.

आता हा शब्द आला कुठून? खात्रीनं कुणालाच सांगता आलेलं नाही. कुणी त्याचं नातं अथेन्सजवळच्या एलेउसिसशी, तिथल्या गुप्त दीक्षाविधींशी लावतं. कुणी म्हणतं, शब्द ग्रीकांच्याही आधीचा असावा. पण वाल्टर बुर्केर्ट या जर्मन अभ्यासकानं १९६१ साली मांडलेली उपपत्ती माझ्या मनात घर करून बसली आहे. जुन्या ग्रीकमध्ये ‘एनेलीसिओस’ म्हणजे वीज पडलेला. माणूस असो की जागा. तोच शब्द ऐकताना चुकीच्या ठिकाणी तुटला, ‘एन एलीसिओ’, म्हणजे ‘एलीसिओनमध्ये’, आणि जिथं वीज पडते तिथून एक नवा प्रदेशच तयार झाला. आरतीतलं ‘फणिवरबंधना’ आपण लहानपणी ‘फळीवर वंदना’ म्हणायचो आणि देव्हाऱ्याची फळी डोळ्यांपुढं आणायचो, तसंच काहीसं. फरक इतकाच, की त्यांची फळी तीन हजार वर्षं टिकली.

विजेनं मारलं तर त्यात स्वर्ग कसला, असं वाटेल. पण ग्रीकांच्या लेखी वीज म्हणजे झ्यूस स्वतः खाली उतरला. ‘खाली उतरणारा’ अशा नावानंच त्याची पूजा व्हायची. जिथं वीज पडली ती जागा त्याची. तिला कुंपण घालायचं, पुन्हा कुणी पाय ठेवायचा नाही. थीब्ज नगरीत सेमेली विजेनं जळून गेली. मद्याचा देव डायोनायसस याची आई ती. तिच्या महालाची जागा तिच्या बापानं कायमची बंद करून टाकली. आणि तीच जळालेली सेमेली पुढं देवांमध्ये जाऊन बसली. विजेनं माणूस मरतो, पण मरताना देवाच्या मालकीचा होतो. रोमन लोकही अशा जागेभोवती विहिरीच्या कठड्यासारखी भिंत बांधून घेत.

हे ऐकून मावशी थोडी गप्प झाली. मग म्हणाली, “मी पायाळू आहे, माहीत आहे ना तुला?”

माहीत होतंच. आमच्या घरात कुणाची पाठ धरली, उसण भरली, की मावशीला बोलावणं जायचं. ती पाठीवर हळूच लाथ मारायची, आणि पेशंट पालथा पडल्या पडल्या बरं वाटतंय असं कबूल करायचा. पण पायाळू माणसावर वीज पडते, हीही समजूत. त्यामुळं वळवाचं आभाळ आलं की आजी तिला माजघरात कोंडून ठेवायची. बाकीची भावंडं अंगणात गारा वेचायची आणि ही दाराच्या फटीतून बघायची. “अख्खं लहानपण गेलं, एक गार हाताला लागली नाही,” ती म्हणाली. आजीला ग्रीकांचं काही ठाऊक नव्हतं. विजेला एखादं माणूस हवं असतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

दक्षिण इटलीत थुरी नावाच्या ग्रीक वसाहतीच्या जागी जुन्या थडग्यांमध्ये सोन्याचे पातळ पत्रे सापडले. बोटभर लांबीचे, कोरून लिहिलेले. मृताच्या हाताशी ठेवलेले. त्यावर मृतानं पाताळाच्या राणीला काय सांगायचं ते लिहून दिलंय. मी शुद्ध आहे, शुद्धांमधून आले आहे, तुमच्याच सुखी कुळातली आहे. आणि मला विजेनं मारलं. हे पत्र्यांवर खरंच आहे, ओळखपत्रावर शिक्का असावा तसं. १९६९ साली दक्षिण इटलीतल्याच हिप्पोनिओन इथं एका बाईच्या थडग्यात आणखी एक पत्रा सापडला, इ. स. पू. ४०० च्या सुमाराचा. त्यात वाटेच्या खाणाखुणा आहेत. पांढऱ्या सुरूच्या झाडाजवळचा झरा लागेल, तिथं जाऊ नको. पुढं आठवणींचं तळं आहे, त्यावर पहारेकरी आहेत. ते विचारतील, अंधारात काय शोधतेस? तू सांग, मी पृथ्वीचं आणि तारांकित आकाशाचं लेकरू आहे, तहानेनं माझा जीव चाललाय, मला त्या तळ्यातलं गार पाणी द्या.

एलीसिओन हा शब्द या पत्र्यांवर नाही. वाट मात्र तिकडचीच. आणि तिथंही गेटवर माणूस आहे, तोही विचारतो, कोण तुम्ही, काय काम. फक्त ओटीपी सोन्यावर लिहिलेला आहे.

काका गेले तेव्हा तोंडात ठेवायला तुळशीचं पान मिळालं, गंगाजलाचा गडूही सापडला. सोन्याचा तुकडा मात्र वेळेवर मिळेना. कपाटाची किल्ली कुठं होती देव जाणे. बाहेर माणसं खोळंबलेली, गुरुजी घाई करत होते. मावशीनं गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं दोरा कापला, एक मणी काढून दिला. बाकीचे मणी जमिनीवर घरंगळले. ते आम्ही मुलं गोळा करत होतो आणि ती काकांकडे बघत होती. तिथं नक्षीकाम केलेला पत्रा नव्हता, काय बोलायचं ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पहारेकऱ्यानं विचारलं असेल तर काका काय म्हणाले असतील? ते तसे बुजरे होते. सरकारी कचेरीतसुद्धा मावशीलाच पुढं करायचे.

हे मी मावशीला बोललो नाही. तिला रोमन कवी व्हर्जिलचं सांगितलं, कारण फायबरचे घोडे तिथले आहेत.

व्हर्जिलच्या काळापर्यंत ही जागा पृथ्वीच्या कडेवरून जमिनीखाली गेली होती. त्याच्या ‘इनिअड’च्या सहाव्या सर्गात ट्रॉयचा वीर इनिअस मेलेल्या बापाला, अँकायसिसला भेटायला पाताळात उतरतो आणि एलीसिअममध्ये (एलीसिओनचं हे लॅटिन रूप) येतो. तिथं वेगळा सूर्य आहे, वेगळे तारे आहेत. हिरवळीवर कुणी कुस्ती खेळतंय, कुणी गातंय, कुणी फेर धरून नाचतंय. भाले जमिनीत रोवून ठेवलेत, रथ रिकामे उभे आहेत आणि घोडे सुटे चरताहेत. ज्याला जिवंतपणी जे आवडायचं ते त्याला तिथंही आवडतं. आणि आत कोण आहे? देशासाठी जखमा सोसलेले, शुद्ध पुजारी, कवी, नव्या विद्या शोधून जगणं सुधारणारे, आणि शेवटी एक फार साधी जमात: आपल्या वागण्यानं चार जणांच्या आठवणीत राहिलेले. जावई यादीत नाही. एवढ्या शतकांत एवढी सुधारणा झाली म्हणायची.

इनिअस बापाला मिठी मारायला तीनदा पुढं होतो, तीनदा हात रिकामे राहतात. याबद्दल फार लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही. मला त्याच्या थोडं आधीची एक ओळ प्यारी आहे. इनिअसबरोबरची सिबिल, म्हणजे भविष्य सांगणारी पुजारीण, तिथल्या म्युझिअस या गायकाला विचारते, अँकायसिस कुठं राहतो? म्हणजे पत्ता विचारते. तो म्हणतो, इथं कुणालाच ठरावीक घर नाही. आम्ही राईंच्या सावलीत राहतो, नदीच्या काठावर बसतो.

“कुणालाच घर नाही?” मावशीनं खात्री करून घेतली.

“नाही.”

“आणि आम्ही इथं वीस वर्षांचे हप्ते भरणार.”

पॅरिसमधला शाँझ-एलिझे हा रस्ता याच नावाचा. १६६७ साली राजाच्या बागा आखणाऱ्या ल नोत्रनं झाडांच्या रांगा लावून तो आखला, नाव पुढं १७०९ मध्ये पडलं. आज तो जवळपास दोन किलोमीटर लांब, सत्तर मीटर रुंद आहे आणि त्यावर दुकानंच दुकानं आहेत. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचा एलिझे प्रासाद तिथून हाकेच्या अंतरावर, पहाऱ्यात. मी गेलो होतो तेव्हा पाऊस होता. होमरला दाखवायला हवं होतं.

इंग्रजीतला स्वर्गाचा दुसरा शब्द, पॅरडाइज, हा तर उघडउघड कुंपणाचाच. मूळ इराणी ‘पइरिदएझ’, सभोवार घातलेली भिंत. झेनोफोन या ग्रीक लेखकानं इराणच्या राजांच्या शिकारीच्या बागांसाठी तो ग्रीकमध्ये आणला, बायबलच्या ग्रीक भाषांतरात तो एडनच्या बागेला लागला, आणि अरबीत फिरदौस झाला. त्यातलं ‘पइरि’ म्हणजे आपलं ‘परि’. आणि ‘दएझ’ ज्या धातूपासून आला त्याचा संस्कृत भाऊ ‘दिह्’, म्हणजे लिंपणं, थापणं. त्यावरून आपला ‘देह’. ती बागेची भिंत आणि हे शरीर, दोन्ही लिंपलेल्या मातीची. मावशीला हे सांगताच ती म्हणाली, “वाड्याच्या भिंती दर दिवाळीला मी लिंपायची. हात सोलून निघायचे.”

पाचच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला. सतराव्या मजल्यावर तो रोजच असतो. मावशीच्या दोन साड्या आणि नातवाची शाळेची पँट त्यानं आतापर्यंत पळवली आहे, त्यामुळं दोरीवर एकेका कपड्याला चार-चार चिमटे. वारा एकाएकी गार झाला. डोंगराकडचं आभाळ काळं झालं होतं, आणि मातीचा वास इतक्या वरही आला.

पहिली वीज चमकली तेव्हा मला लिफ्टमधली नोटीस आठवली. “मावशी, आत ये. तो अरेस्टर चालू नाहीये.”

“कपडे कोण काढणार?”

“मी काढतो. तू आत ये.”

मी चिमटे काढत राहिलो. ती आत काही गेली नाही. गॅलरीच्या दारात उभी राहिली, मग एक पाऊल पुढं आली. टपटप आवाज होऊन कठड्यावर गारा आपटल्या. एक तिच्या पायाशी येऊन पडली. ती वाकली, गुडघे धरत धरत, आणि गार उचलून तळहातावर घेतली. हरभऱ्याएवढी असेल. ती बघता बघता विरघळली, तर दुसरी उचलली.

आत इंटरकॉम वाजायला लागला. तो वाजतच राहिला, तेव्हा ओल्या हातानं तिनंच जाऊन उचलला. खालचा वॉचमन पावसाच्या आवाजावर ओरडून बोलत होता. कुणीतरी डिलिव्हरीवाला मुलगा आला होता, चौदाशे तीनमध्ये कुणी फोन उचलत नव्हतं, मोबाइल लागत नव्हता, तुमच्याकडचा आहे का.

“आमच्याकडचा नाही,” मावशी म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता पुन्हा कानाला लावला. “पण सोडा हो त्याला आत. भिजेल.”